लिंगोच्या गोष्टीचा पोस्टर-संच : वर्षभर वर्गात वापरल्यानंतर

गेल्या माघ पौर्णिमेला कचारगडच्या जत्रेत घेतलेला, गोंडांचा आद्य गुरू लिंगो याच्या गोष्टीचा आठ पोस्टरांचा एक संच वर्षभर आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहे आणि त्याविषयी सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. मी कोरची तालुक्यातील एका लहान गावी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी गोंडी बोलली जाते. मला ती समजते, बोलताना मात्र अजूनही अडखळतो. वर्गात बाराखडी, पाढे, फळे, वाहने, थोर पुरुष असे सगळे तक्ते होते. परंतु ही मुले रात्री शेकोटीपाशी ज्या गोष्टी ऐकतात, त्यांतील एकीचेही चित्र शाळेच्या भिंतीवर नव्हते. ही उणीव मला अनेक वर्षे टोचत होती, म्हणून संच दिसताच घेतला.

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दरेकसा रेल्वे स्थानकापासून जवळ, डोंगरात कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. कोया पुनेम हा आपला पारंपरिक धर्म मानणाऱ्या गोंड समाजाची ती श्रद्धा-भूमी असून माघ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून लाखो लोक तेथे येतात. धनेगावातून गुहेकडे जाणाऱ्या वाटेवर दुतर्फा दुकाने मांडलेली असतात आणि त्यांत पिवळे गमछे, झेंडे, दिनदर्शिका, गोंडी भाषेची व पुनेमची पुस्तके विकायला असतात. त्या गर्दीत दोन बहिणींनी जमिनीवर ताडपत्री अंथरून, बांबूच्या काठीला दोरी बांधून पोस्टरे टांगली होती. धाकटी चित्रे काढते, थोरली विक्री व छपाई पाहते. दुकानाला फलक नव्हता आणि त्यांची नावे येथे देण्याची परवानगी मी मागितलेली नाही, म्हणून देत नाही. आठ पोस्टरांचा संच ४०० रुपयांना आणि सुटे पोस्टर ६० रुपयांना होते. लॅमिनेशन हवे असल्यास प्रत्येकी २० रुपये अधिक होते. आकार बारा बाय अठरा इंच, कागद जाड व बिनचकाकीचा.

संचात पारी कुपार लिंगोची गोष्ट आहे. कचारगडच्या परिसरात ती जशी सांगतात, तिचा गाभा असा : माता कली कंकालीची मुले जंगो रायताडने सांभाळली, पुढे ती मुले गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर मोठी शिळा बसवली गेली. लिंगोने हिरासुका पाटालीर या वादकाला सोबत घेतले. त्याच्या वाद्याने आणि गाण्याने आतल्या मुलांच्या अंगी बळ आले, त्यांनी शिळा ढकलली, मुले मोकळी झाली. मात्र हिरासुका त्याच शिळेखाली सापडून मेला. लिंगोने मग त्या मुलांना पुनेमची शिकवण दिली आणि त्यांची सगांमध्ये, म्हणजे कुळांच्या गटांमध्ये, विभागणी केली. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव मानणारी कुळे आणि प्रत्येक कुळाने जपायची झाडे व प्राणी ही व्यवस्था तेव्हापासूनची, असे मानतात. लग्नसंबंध ठरवताना आजही हे देव मोजले जातात, त्यामुळे ही गोष्ट आमच्या गावात जुनी झालेली नाही.

आठांपैकी शिळेचे पोस्टर सर्वांत उत्तम आहे आणि केवळ त्याच्यासाठीसुद्धा हा संच घ्यावा, असे माझे मत आहे. तीन चतुर्थांश कागद शिळेने व्यापला आहे. माणसे तळाशी, बोटभर उंचीची आहेत. गुहेतली मुले दिसतच नाहीत. शिळेच्या उजव्या कडेला जी बारीक फट पडली आहे, तिच्यातून फक्त बोटांची टोके बाहेर आली आहेत. चित्रकर्तीने शिळेचा पृष्ठभाग बांबूच्या चटईच्या विणीने भरला आहे. एक पट्टी वर, एक खाली, अशी ती वीण डावीकडे इतकी घट्ट आहे की नख शिरणार नाही. जसजसे उजवीकडे जावे तसतशी ती सैल होते आणि फटीजवळ पट्ट्या एकमेकींपासून सुटू लागतात. खालच्या कोपऱ्यात हिरासुका वाद्य मांडीवर घेऊन बसला आहे. त्याच्या डोक्यावरच्या भागात वीण पुन्हा घट्ट झालेली आहे. पुढे काय होणार ते चित्रात सांगितलेले नाही, पण ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्याच्या ते लक्षात येते. माझ्या वर्गातील एका मुलीचे वडील टोपल्या व सुपे विणतात. तिने पहिल्याच दिवशी शिळेवर बोट फिरवून, "गुरुजी, इथून सोडला तं सगळंच सुटते," असे सांगितले.

या विणीचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आज देशभर 'गोंड चित्र' म्हणून ओळखली जाणारी ठिपक्या-रेघांची शैली मुख्यतः मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढ या गावातून आली. १९८० च्या दशकाच्या आरंभी भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी जनगढ सिंह श्याम यांना तेथे बोलावले. घराच्या भिंतीवरचे चित्र कागदावर व कॅनव्हासवर आले आणि त्यांच्यामागून परधान चित्रकारांची एक मोठी फळी उभी राहिली. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. परधान हे मूळचे गोंडांचे गाथाकार, यजमानांच्या घरी बाना हे तंतुवाद्य वाजवून कुळाच्या व देवांच्या कथा गाणारे. त्यामुळे गाण्यातली कथा चित्रात येणे त्यांच्या हाती स्वाभाविकपणे घडले. या शैलीत प्रत्येक चित्रकाराची आकृती भरण्याची स्वतःची खूण असते. कोणी माशाच्या खवल्यांसारखे भरतो, कोणी बीजांसारखे, कोणी पाण्याच्या लाटांसारखे, आणि जाणकार त्यावरून सही न पाहता चित्र कोणाचे ते सांगतात.

विदर्भात मात्र अलीकडे सगळीकडे एकच प्रकार दिसतो. सरकारी विश्रामगृह असो, रेल्वे स्थानक असो की एखाद्या रिसॉर्टची भिंत, शिंगांतून झाड फुटलेले हरीण आणि त्याच्या अंगावर ठिपके हे ठरलेलेच. पाटणगढच्या चित्रकारांनी कमावलेली खूण विचार न करता उचलली की ती नुसती नक्षी होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. या संचातही पहिले पोस्टर, फुलातून जन्मलेल्या लिंगोचे, असेच उसने वाटते. रंग सुरेख आहेत, पण ते कुठेही पाहिल्यासारखे आहे. शिळेच्या पोस्टरात चित्रकर्तीला आपल्या भागातली वीण सापडली आणि तिचा हात मोकळा झाला, असा फरक स्पष्ट जाणवतो. पुढच्या संचात तिने सूप, टोपली, ताटवा, मोहफुलाची परडी यांच्या विणींचा आणखी शोध घ्यावा, अशी माझी तिला आग्रहाची विनंती आहे.

प्रत्येक पोस्टराच्या तळाशी चार बोटे रुंदीची कोरी पट्टी सोडलेली आहे आणि तिच्या वर बारीक अक्षरांत छापले आहे : 'आमच्याकडे अशी सांगतात. तुमच्याकडे कशी?' जत्रेत पाहिले तेव्हा ही पट्टी मला जागेची नासाडी वाटली होती. वर्षभरानंतर माझे मत पूर्णपणे बदलले आहे.

तोंडी कथेला एकच पाठ नसतो. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूर परिसरात लिंगोचे गाणे एका परधानाकडून उतरवून घेतले. हिस्लॉप १८६३ मध्ये वारले आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद प्रसिद्ध केले. त्या पाठात सोळा हात लांबीची शिळा आहे, पण ती वादकाच्या गाण्याने हलत नाही. लिंगो महादेवाकडे गोंडांची सुटका मागतो, महादेव बिंदो नावाच्या काळ्या पक्ष्याची पिले आणायला सांगतो, लिंगो त्या पिलांना खायला टपलेल्या भौरनागाला मारतो आणि कृतज्ञ झालेले पक्षी त्याला पिलांसह महादेवापर्यंत नेतात. त्यानंतर पूर येतो. मागे राहिलेले चार गोंड मगरीच्या पाठीवर बसतात, मगर त्यांना बुडवू लागते आणि कासव त्यांना वाचवून पैलतीरी नेते. कासवाला कधी इजा करणार नाही, अशी शपथ ते घेतात. आमच्या संचात हिरासुकाचे पोस्टर आहे आणि कासवाचेही आहे. म्हणजे दोन पाठ चित्रकर्तीने एका धाग्यात ओवले आहेत. छापील वस्तूचा धोका असा की, भिंतीवर जे लागले तेच खरे, असे लहान मुलांना वाटू लागते. कोरी पट्टी तो धोका पुष्कळच कमी करते.

आमच्या वर्गात हे कसे घडले ते सांगतो. कासवाचे पोस्टर लावून आठवडा झाला असेल. दुसरीतला एक मुलगा घरी सांगून आला आणि त्याची आजी शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. चित्राकडे बराच वेळ पाहून ती म्हणाली, "हे बराबर हाये. आमी कासव खात नाही." मग तिने खाली बसून पूर, मगर आणि कासव हा सगळा प्रसंग गोंडीत सांगितला. त्यात चित्रात नसलेली एक गोष्ट होती : मगरीवर आधी कोण बसला आणि का बसला, यावरून भावांत झालेले भांडण. ते चौथीच्या एका मुलीने पट्टीवर पेनाने लिहून ठेवले. त्यानंतर घरोघरी विचारून येण्याची मुलांना सवयच लागली. टेकाम आडनावाच्या मुलाला सगांच्या पोस्टरावरचे सागाचे पान आपले आहे हे आजोबांनी सांगितले आणि मरकाम आडनावाच्या मुलीने आंब्याचे पान दाखवून आपला हक्क सांगितला. आडनावात झाड असते, हे मी दोन दशके हजेरी घेत असूनही त्या दिवसापर्यंत मुलांशी कधी बोललो नव्हतो.

सगळ्यांना हसवणारे पोस्टर म्हणजे पिंपळावर बसून वाद्य वाजवणारा लिंगो आणि खाली ते ऐकून नाचणारा म्हातारा रिकाड गवाडी. लिंगोचे भाऊ विस्तव शोधत होते आणि विस्तव होता तो या राक्षसी म्हाताऱ्याच्या शेतात, अशी ती कथा आहे. म्हाताऱ्याचा एक पाय कागदाच्या चौकटीबाहेर गेला आहे. मुले मधल्या सुट्टीत तशीच नाचून दाखवतात. जंगो रायताडचे पोस्टरही चांगले आहे. तिच्या कडेवर, पाठीवर, पदराखाली मुलेच मुले आहेत आणि ती सगळी वेगवेगळ्या चेहऱ्यांची आहेत.

आता दोष. सातव्या पोस्टरात लिंगो उपदेश करतो आहे आणि त्याच्या मस्तकावर सोनेरी मुकुट, मागे तेजोवलय, अंगावर रेशमी शेला आहे. आमच्या झाडीपट्टीतल्या लोकांच्या डोळ्यांना नाटकांच्या पोस्टरांची आणि दिनदर्शिकेवरच्या देवांची सवय आहे, त्यामुळे असा चेहरा चटकन विकला जातो, हे मी समजू शकतो. पण त्याच आजीने हे चित्र पाहून विचारले, "लिंगोले टोप कोनं घातला? थो का राजा होता?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या कथेत देवस्थान ऐनाच्या झाडाखाली असते आणि नायकाच्या हातात शस्त्राऐवजी वाद्य असते, तिच्यात हा मुकुट दुसऱ्याच घरातून आलेला आहे. मी ते पोस्टर उतरवून ठेवले. थोरल्या बहिणीला फोनवर सांगितले तेव्हा तिने वाद घातला नाही. "सर, तेच सर्वांत जास्त विकते," एवढेच ती म्हणाली आणि ते खरेही असणार. तरी विक्री होते म्हणून ते ठेवू नये, असे मला वाटते.

दुसरा दोष लिपीचा. प्रत्येक पोस्टरावर शीर्षक तीनदा आहे : मराठीत, देवनागरीतल्या गोंडीत आणि गोंडीच्या स्वतःच्या लिपीत. बालाघाटच्या मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली मसराम लिपी आणि आदिलाबाद भागातील गुंजाळा गावी हस्तलिखितांतून सापडलेली गुंजाळा लिपी, या दोहोंना अनुक्रमे २०१७ व २०१८ मध्ये युनिकोड या संगणकीय अक्षरांच्या मानकात स्थान मिळाले असले, तरी तालुक्याच्या छपाईच्या दुकानातील संगणकावर त्यांचे फॉन्ट बहुधा नसतात. माझ्या संचातील दोन पोस्टरांवर तिसऱ्या ओळीत अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन छापले गेले होते. ज्या ओळीसाठी मुलांनी अभिमानाने उभे राहावे, तीच ओळ चौकोनांची निघाली, याचा मला फार त्रास झाला. कळवल्यावर दोन्ही पोस्टरे बदलून मिळाली, मात्र टपालखर्च मलाच भरावा लागला आणि त्याला पाच आठवडे लागले. मजकूर छापायला देण्यापूर्वी त्याचे चित्र-रूपात रूपांतर करून घेतले, तर ही चूक होणारच नाही. हे मी त्यांना सुचवले आहे आणि नव्या छपाईत ती दुरुस्ती झालेली आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. कोपऱ्यात चित्रकर्तीची सही आहे, ती असायलाच हवी. पण कथा कोणाकडून ऐकली, कोणत्या गावची, हे कुठेच नाही. गाथा जपणाऱ्या परधान घराण्यांचे उत्पन्न आता आटले आहे आणि त्यांच्या तोंडची कथा छापून विकली जात असताना निदान गावाचे व सांगणाऱ्याचे नाव, त्यांची संमती असल्यास, एका ओळीत यायला हवे. विक्रीतला काही वाटाही त्यांच्याकडे जावा. धाकटीने मला सांगितले की कथा तिने आपल्या मामाकडून ऐकल्या. मग मामांचे नाव आधी यावे.

घेणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या सूचना. लॅमिनेशन करून घेऊ नका. त्यावर पेन उठत नाही आणि पट्टीचा उपयोगच संपतो. साध्या कागदाला पावसाळ्यात ओल लागते, म्हणून पोस्टर भिंतीला चिकटवण्याऐवजी वर-खाली बांबूची कामटी लावून दोरीने टांगावे, म्हणजे मागून हवा खेळते आणि वाळवीही लागत नाही. मी भाद्रपदात सगळी उतरवून पेटीत ठेवली होती, ती आजही चांगली आहेत. लाल आणि काळा रंग टिकला आहे. पिवळा मात्र खिडकीसमोरच्या दोन पोस्टरांवर फिका पडला. आकार घराला पुरेसा आहे, वर्गाला लहान पडतो. मागच्या बाकावरून शीर्षकदेखील वाचता येत नाही. दुप्पट आकाराची आवृत्ती काढल्यास शाळा जास्त पैसे मोजून घेतील, याची मला खात्री आहे.

संचाबाहेर तीन सुटी पोस्टरेही त्यांच्याकडे मिळाली. ताडोबाचे नाव ज्याच्यावरून पडले तो वाघाशी झुंजीत मेलेला गावप्रमुख तारू. चांद्याच्या (म्हणजे चंद्रपूरच्या) खांडक्या बल्लाळशहा राजाच्या शिकारी कुत्र्याचाच पाठलाग करणारा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा. आणि मेळघाटातील कोरकूंची उत्पत्तिकथा, जिच्यात महादेव कावळ्याला तांबड्या मातीचे वारूळ शोधायला पाठवतो आणि त्या मातीतून पहिले स्त्री-पुरुष घडवतो. पहिली दोन ठीक आहेत. कोरकूंचे पोस्टर मात्र घाईत केलेले दिसते : घडवलेल्या मूर्ती रात्री तुडवणारे इंद्राचे घोडे आणि राखणीला निर्माण केलेले कुत्रे, हा कथेचा सर्वांत चित्रमय भाग त्यात आलाच नाही. मेळघाटातील कोणाला तरी सोबत घेऊन ते पुन्हा करावे.

येत्या माघ पौर्णिमेला मी पुन्हा धनेगावला जाणार आहे. आमच्या शाळा-केंद्रातील आणखी तीन शाळांसाठी प्रत्येकी सात पोस्टरांची मागणी नोंदवली आहे, मुकुटाचे पोस्टर वगळून. आणि शिळेच्या पोस्टराची एक जादा प्रत आमच्यासाठी सांगितली आहे, कारण पहिल्या प्रतीवरच्या पट्टीत आता अक्षर मावत नाही.